गायकाचा सोलो अल्बम, चाहत्यांचा बँड : नागपुरातलं एक प्रकरण

नागपुरातल्या एका हार्ड रॉक बँडच्या मुख्य गायकाने स्वतःच्या नावावर आठ गाण्यांचा अल्बम काढायचं ठरवलं. पहिलं गाणं बाहेर आलं आणि ज्या चाहत्यांनी त्याला वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलं होतं, तेच त्याच्यावर चिडले. रॉक सोडून खंजिरी-पेटीकडे वळला म्हणून लोक बिथरले, असं तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं. प्रत्यक्षात राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. ते कळायला उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत बँडमधल्या चौघांनाही मोजावी लागली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. पहिलं गाणं आल्यानंतरच्या टप्प्यात मी अल्बमच्या प्रकाशनाच्या कामात होतो. त्याआधीचा भाग बँडमधल्या चौघांशी आणि काही चाहत्यांशी बोलून लिहिला आहे.

पार्श्वभूमी

बँड चौघांचा : गायक, गिटारवादक, बेसवादक आणि ड्रमर. चौघंही एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात भेटलेले. सुरुवातीला इंग्रजी गाणी जशीच्या तशी वाजवायची, मग स्वतःची इंग्रजी गाणी आली, पण नाव झालं ते मराठी गाण्यांनी. ड्रॉप-डीला उतरवलेली (सर्वांत जाड तार एक सूर खाली लावलेली) गिटार, जड रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) आणि त्यावर गायकाचा फाटल्यासारखा वाटणारा, तरी सूर न सोडणारा आवाज.

नागपुरात रॉकसाठी अशी हक्काची जागा नाही. सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह घ्या की रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह, तिथे नाटकं, सुगम संगीत, सत्कार, संमेलनं. रॉक जगला तो कॉलेजच्या गॅदरिंगांमध्ये, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या 'आरोही'सारख्या महोत्सवांमध्ये आणि लग्नाच्या हंगामात रिकाम्या राहिलेल्या एखाद्या लॉनवर. त्यामुळे या बँडचा चाहता म्हणजे बहुतेक वेळा त्या-त्या वर्षी कॉलेजात असलेला मुलगा किंवा मुलगी. यातली बरीच मंडळी आता पुणे, हैदराबाद, बंगळुरूला नोकरीत आहेत. दिवाळीला घरी आली की फुटाळ्यावर जमतात आणि हीच गाणी लावतात. बँड चालू आहे म्हणजे आपलं नागपूर अजून जागेवर आहे, असा त्यांचा हिशोब. हा हिशोब पुढे फार महत्त्वाचा ठरला.

प्रकरणाच्या साधारण वर्षभर आधी गायकाचा आवाज बसू लागला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी असल्याचं सांगितलं. काही दिवस मौन, मग स्वरोपचार, आणि जोर लावून गाणं तूर्त बंद. बँडने ठरलेले कार्यक्रम रद्द केले आणि कारण म्हणून 'अपरिहार्य अडचणीमुळे' एवढंच कळवलं. हा आग्रह गायकाचा होता. 'याचा आवाज गेला' असं एकदा गावभर झालं की ते पुसता येत नाही, असं त्याचं म्हणणं. बाकीच्या तिघांनी ते मान्य केलं. सगळ्या प्रकरणातला पहिला निर्णय हा, आणि तो घेताना त्याला कोणी निर्णय म्हटलंच नाही.

अल्बमची कल्पना

स्वरोपचारात हळू, जवळून, न ताणता गायची परवानगी होती. गायकाचं आजोळ अमरावती जिल्ह्यातलं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं त्याच्या कानावर पडलेली. विदर्भात खंजिरी आणि तुकडोजी महाराज ही दोन नावं वेगळी काढताच येत नाहीत. हळू गाताना त्याच्या तोंडी तीच चाल येऊ लागली. त्यातून अल्बम सुचला : खंजिरी, पेटी, अकूस्टिक गिटार, दोन गाण्यांत सारंगी. ड्रम नाही, गिटारचा फाटका आवाज (डिस्टॉर्शन) नाही. शब्द त्याचेच, निम्मे वऱ्हाडी वळणाचे.

महाराजांची दोन भजनं घ्यायची त्याची फार इच्छा होती. इथे कायद्याची बाब आली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं त्याच्या रचनांवर हक्क राहतो. महाराजांचं निधन १९६८ सालचं, म्हणजे २०२८ संपेपर्यंत त्या रचना सर्वांसाठी मोकळ्या होत नाहीत. भजन आहे, सगळे गातात, कोण विचारतो, असं म्हणणारे बरेच भेटले. गायकाने ते ऐकलं नाही. परवानगीच्या पत्रव्यवहारात पडण्याऐवजी त्याने त्या छंदात स्वतःची दोन गाणी लिहिली. हा निर्णय मला आजही पटतो. त्याच्या अल्बममधली सर्वांत चांगली दोन गाणी तीच आहेत.

दुसरी बाब इतकी नीट हाताळली गेली नाही. बँडचं एक न झालेलं गाणं त्याने अल्बमसाठी घेतलं. शब्द आणि चाल त्याची, पण ज्या रिफवर ते उभं होतं ती गिटारवादकाची. गायकाने रिफ काढून टाकली, तिच्या जागी पेटीचा तुकडा घेतला आणि आता हे गाणं फक्त आपलं आहे असं समजून चालला. पेटीवर वाजणारा तुकडा मात्र त्याच रिफच्या सुरांचा होता.

रेकॉर्डिंग भर मे महिन्यात झालं. प्रतापनगरच्या बाजूला एका घराच्या वरच्या मजल्यावर छोटा स्टुडिओ आहे. एसी जुना, आवाज करणारा, आणि बाहेरच्या खोलीत कूलर. टेक घेताना दोन्ही बंद. बाहेर पंचेचाळीसच्या आसपास तापमान. दोन टेकच्या मध्ये कूलर सुरू केला की दमट हवेने खंजिरीचं चामडं सैल पडे आणि सूर उतरे. मग खंजिरीवाले काका ती दिव्यापाशी धरून शेकत, टिचकी मारून बघत, पुन्हा शेकत. काका एका भजनी मंडळात खूप वर्षं वाजवणारे, स्टुडिओत पहिल्यांदाच आलेले. गायकाला स्टेजवर माइक ओठांना लावून ताकदीने गायची सवय. इथला कंडेन्सर माइक श्वाससुद्धा उचलत होता. तो दर ओळीला सवयीने आवाज चढवी आणि टेक वाया जाई. शेवटी काका म्हणाले, "माइक तं जवळच हाये बाबू, हाका कायले मारतं?" त्यानंतरचा टेक अल्बममध्ये आहे.

अडचण कशी उभी राहिली

जुलैत पहिलं गाणं बाहेर काढायचं ठरलं. प्रसिद्धीचं काम ज्याच्याकडे होतं त्याचा सल्ला होता की गाणं बँड आणि गायक अशा दोघांच्या नावाने टाकायचं, म्हणजे ते बँडच्या पानावर दिसेल आणि बँडला फॉलो करणाऱ्या सगळ्यांपर्यंत आपोआप पोचेल. त्याचा मुद्दा पैशांच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय मोबदला सुरू होत नाही. नव्या नावाचं पान शून्यापासून सुरू होतं. तयार श्रोता हाताशी असताना तो कशाला सोडायचा?

गायकाने होकार दिला. गिटारवादकाला फोनवर सांगितलं. ड्रमरला गाणं आल्यावर कळलं.

शुक्रवारी सकाळी चाहत्यांच्या फोनवर सूचना आली : बँडचं नवं गाणं. जवळजवळ वर्षभर बँड गप्प होता, कार्यक्रम रद्द झाले होते, कारण कोणाला माहीत नव्हतं. लोकांनी हेडफोन लावले आणि ऐकू आली पेटी. मग खंजिरी. मग अनोळखी वाटावा इतका हळू आवाज. चित्रावर फक्त गायकाचा चेहरा.

पुढचे काही दिवस वाईट गेले. 'विकला गेला', 'आता सुगम संगीताच्या मैफली करणार', 'भजन गायचं तर बँडचं नाव कशाला', असलं बरंच काही. गायकाने मनाला लावून घेतलं आणि गप्प बसला. प्रसिद्धीवाल्याचं म्हणणं, गाजावाजा होतोय ना, होऊ द्या. ड्रमरला रोज फोन येत होते. त्याने गायकाला जे सांगितलं ते मला दोघांनीही शब्दशः सारखंच ऐकवलं : "अबे, लोक मला विचारून राहिले, बँड तुटला का म्हणून. मलाच माहीत नाही तर मी काय सांगू?"

या टप्प्यावर मी कामात आलो. पहिलं काम म्हणून आलेले सगळे संदेश आणि प्रतिक्रिया नीट वाचून काढल्या. शिव्या बाजूला ठेवल्या तर गाण्याविषयी बोलणारे लोक थोडे होते, आणि त्यातल्या अनेकांना गाणं आवडलं होतं. बाकी सगळे वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारत होते. हैदराबादहून एका मुलीने लिहिलं होतं, "दादा, गाणं चांगलं आहे, पण आमच्या बँडचं काय झालं ते सांगा ना आधी." या वाक्यातल्या 'आधी'वर माझं लक्ष अडलं. लोक गाण्यापर्यंत पोचलेच नव्हते. दारातच एक प्रश्न उभा होता आणि त्याचं उत्तर कोणी देत नव्हतं.

कोणते पर्याय समोर होते

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात त्रिमूर्तीनगरला गिटारवादकाच्या घरी चौघं बसले. मी होतो. बरंच बोलणं झालं, त्यातलं कामाचं देतो.

काहीच न बोलता उरलेली गाणी काढत राहायची, हा एक मार्ग. गायकाचा कल याच्याकडे होता. संगीत चांगलं असेल तर लोक येतील, अशी त्याची श्रद्धा. श्रद्धा खोटी नव्हती, पण तिच्यामागे घशाची गोष्ट झाकून ठेवण्याची धडपडही होती.

उरलेल्या गाण्यांत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घालून ती 'थोडी आपल्यासारखी' करायची, हे बेसवादकाने सुचवलं. त्याने क्रिस कॉर्नेलचं उदाहरण दिलं. साउंडगार्डन या अमेरिकी रॉक बँडच्या या गायकाने २००९ मध्ये टिंबालंड या हिप-हॉप निर्मात्याबरोबर 'स्क्रीम' हा अल्बम केला, यंत्रावरचे ठेके घेतले, आणि रॉकच्या श्रोत्यांनी तो झिडकारला. चाहते एवढा बदल माफ करत नाहीत, हा त्याचा मुद्दा.

गिटारवादकाने त्यावर जे उत्तर दिलं, त्याने बैठकीचं वळण बदललं. कॉर्नेलचा पहिला सोलो अल्बम १९९९ चा, तोही साउंडगार्डनपेक्षा बराच वेगळा. पण साउंडगार्डन १९९७ मध्येच थांबल्याचं जाहीर झालं होतं. ऐकणाऱ्याला माहीत होतं की बँड नाही, आता हा माणूस एकटा काय करतो ते बघू. ब्रिटिश मेटल गायक ब्रूस डिकिन्सनने १९९० मध्ये पहिला सोलो अल्बम केला तेव्हा तो आयर्न मेडन या बँडमध्येच होता आणि मेडन चालू होतं. १९९३ मध्ये त्याने बँड सोडला ते सांगून, १९९९ मध्ये परत आला तेही सांगून. फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या शाळेत पहिला बँड केलेला आपल्याकडचा मुलगा, त्याचा सोलो अल्बम एप्रिल १९८५ मध्ये आला आणि त्याच वर्षी १३ जुलैला तो क्वीन या आपल्या बँडबरोबर लाइव्ह एड या मदतनिधी मैफलीच्या मंचावर उभा होता. या सगळ्यांत अल्बम कोणाला आवडला, कोणाला नाही, ते सोडा. बँड आहे की नाही, हे लोकांना कळत होतं. आमच्या लोकांना ते कळत नव्हतं.

'स्क्रीम'च्या वेळी तर ऑडिओस्लेव्ह हा कॉर्नेलचा पुढचा बँडही संपलेला होता, सगळं स्पष्ट होतं, तरी लोकांनी नाकारलं. म्हणजे संगीतावरूनही नकार येतो, हे खरंच. पण तो नकार गाणं ऐकून दिलेला असतो. असा नकार सोसायची गायकाची तयारी होती.

ड्रमरने अर्धवट रागात आणखी एक पर्याय टाकला : किस या अमेरिकी रॉक बँडच्या चौघांनी १८ सप्टेंबर १९७८ रोजी एकाच दिवशी चार सोलो अल्बम काढले आणि चारांवरही किसचं नाव होतं, तसं आपणही प्रत्येकी एक गाणं काढू. कल्पना मला आवडली होती. पण ड्रमर आणि बेसवादक दोघंही नोकरीत, गाणं तयार कोणाचंच नाही, आणि गायकाचा अल्बम वर्षभर अडकला असता.

शेवटचा पर्याय सगळं सांगून टाकण्याचा. घशाच्या गाठी, रद्द झालेले कार्यक्रम, बँडचं पुढे काय, हा अल्बम कोणाचा. शिवाय गाणं बँडच्या पानावरून काढून गायकाच्या नावाच्या पानावर न्यायचं, मग आकडे कमी दिसले तरी चालतील.

गायक बराच वेळ तयार नव्हता. त्याला तयार केलं ते ड्रमरने, आणि तेही समजावून नव्हे. तो म्हणाला, की वर्षभर मी तुझ्यासाठी लोकांशी खोटं बोलून राहिलो. गायकाला हे नवीन होतं. आपण फक्त स्वतःची गोष्ट झाकतो आहोत असं तो समजत होता.

काय केलं

त्याच घराच्या गच्चीवर फोनवर एक व्हिडिओ केला. पार्श्वसंगीत नाही, संकलन नाही. गायकाने मधे बसून नेहमीच्या नागपुरी बोलीत तीन गोष्टी सांगितल्या : घशाला काय झालं, बँड बंद नाही, पण गॅदरिंगच्या हंगामापर्यंत स्टेजवर येणार नाही, आणि हा अल्बम माझा एकट्याचा आहे, तो बँडच्या नावावर टाकायला नको होता. बाकी तिघं शेजारी बसले होते. ड्रमर कॅमेऱ्यात यायचं की नाही हे शेवटपर्यंत ठरवत होता, आणि आला. मला विचाराल तर त्या व्हिडिओतली सर्वांत बोलकी गोष्ट त्याचं तिथे बसणं हीच होती.

रिफचा प्रश्न त्याच आठवड्यात सोडवला. पेटीचा तुकडा रिफवरूनच घेतलेला आहे हे गायकाने ऐकून मान्य केलं. त्या गाण्याचे संगीतकार म्हणून दोघांची नावं लागली, हक्काचा वाटा कागदावर लिहिला आणि गिटारवादकाने त्यात अकूस्टिक गिटार वाजवली. ते गाणं पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं.

तारीख ठरवताना नागपूरचं कॅलेंडर बघावं लागलं. गणपती आणि नवरात्रात साउंडवाले मिळत नाहीत. दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, शहर त्यातच असतं आणि असायलाच हवं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, म्हणजे हॉटेलं भरलेली आणि परवानग्यांना वेळ. म्हणून अल्बम दिवाळीच्या आधी आणि प्रत्यक्ष कार्यक्रम नोव्हेंबरात, बाहेरगावची मंडळी दिवाळीसाठी घरी असतानाच. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्लेलिस्टसाठी पाठवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं; पहिल्या गाण्याच्या वेळी तेही राहिलं होतं, आता पाठवलं.

मिक्सिंग करणाऱ्याला गाणी दाबून मोठ्या आवाजाची करायची होती, बँडच्या गाण्यांशेजारी ती लहान वाटू नयेत म्हणून. आम्ही नको म्हटलं. स्ट्रीमिंगवर मोठ्या आवाजाची गाणी तशीही खाली आणून एका पातळीला वाजवली जातात, आणि दाबलेल्या मिक्समध्ये खंजिरीच्या झांजांची किणकिण मरते.

कार्यक्रमात बँडची गाणी घ्यायची का, यावर सर्वांत जास्त वाद झाला. गिटारवादकाचं मत, अजिबात नको. एकदा घेतली की लोक बाकी काही ऐकणार नाहीत. गायकाला लोकांची निराशा करवत नव्हती. शेवटी असं ठरलं : पूर्वार्धात पूर्ण अल्बम, क्रमाने, खुर्च्यांवर बसून. उत्तरार्धात चौघं मिळून बँडची तीन गाणी, अकूस्टिक. आणि हे तिकिटावर आधीच छापायचं.

लोकांनी कसं घेतलं

व्हिडिओनंतर दोन-तीन दिवसांत शिव्या जवळजवळ थांबल्या. माफीचे संदेशही आले, ते गायकाला शिव्यांपेक्षा जड गेले. काहींनी घशाचे उपाय सुचवले, ज्येष्ठमधापासून सगळं.

अल्बम आल्यावर मात्र एकमत झालं नाही, आणि ते व्हायला हवं होतं असंही नाही. आयर्न मेडनसाठी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेलेली, २००८ च्या फेब्रुवारीतला तो कार्यक्रम अजून सांगणारी जुनी फळी आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांना अल्बम भावला नाही. त्यातल्या एकाने लांबलचक पत्र लिहिलं : तिसरं आणि पाचवं गाणं एकाच लयीत आहे, पेटी काही ठिकाणी आवाजावर चढते, सातव्या गाण्याचे शब्द कच्चे आहेत, पण शेवटच्या गाण्यातला सुरुवातीचा श्वास ऐकून अंगावर काटा आला. गायकाने ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. जुलैनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्याशी गाण्यांविषयी बोललं होतं.

कॉलेजातली सध्याची मुलं सहज रुळली. त्यांना बँडचा इतिहास माहीत नव्हता आणि रॉक-भजन असा भेदही फारसा वाटत नव्हता. कोणाच्या तरी आईने ऐकून विचारलं, हा कोण गातो, असे संदेश बरेच आले.

एक प्रतिक्रिया कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. अल्बममध्ये एक प्रेमगीत आहे, खंजिरीवर. काकांच्या भजनी मंडळातल्या काही ज्येष्ठांना ते खटकलं. खंजिरी प्रार्थनेची, तिच्यावर हे कशाला? काकांना मंडळात उत्तर द्यावं लागलं, आणि आम्हाला हे त्यांच्याकडून नाही, त्यांच्या मुलाकडून कळलं. गायक मग मंडळात जाऊन बसला, प्रार्थनेला बसला, नंतर बोलला. गाणं काढून टाकायची त्याने तयारी दाखवली. ज्येष्ठांनी ती मागणी केली नाही, पण महाराजांच्या नावाचा वापर जाहिरातीत करू नका एवढं सांगितलं. तसा वापर आम्ही केला नव्हता, पुढेही केला नाही. ज्यांनी अल्बमला त्याचा मूळ आवाज दिला, त्यांच्याकडे आम्ही सर्वांत शेवटी पोचलो, याचं मला फार वाईट वाटतं.

कार्यक्रम धरमपेठेतल्या एका छोट्या सभागृहात झाला. पूर्वार्धात कोणी ओरडलं नाही. उत्तरार्धात पहिल्याच गाण्याला सगळं सभागृह गायला लागलं आणि गायकाने दुसरं कडवं लोकांवर सोडून दिलं. त्याच्या घशासाठी ते बरंच होतं. गिटारवादकाची भीती काही अंशी खरी ठरली. बाहेर पडताना लोक त्या तीन गाण्यांविषयीच बोलत होते.

काय वेगळं करता आलं असतं

कार्यक्रम रद्द केले त्याच दिवशी कारण सांगायला हवं होतं. घशाच्या गाठी गायकांना होतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि हार्ड रॉक ऐकणाऱ्या माणसाला त्या आवाजाची किंमत काय पडते हे इतर कोणापेक्षा लवकर कळतं. वर्षभराच्या मौनाने लोकांच्या मनात जी जागा रिकामी ठेवली, ती त्यांनी बँड तुटल्याच्या कल्पनेने भरली.

पहिल्या गाण्याची निवड चुकली असं काहींचं मत आहे. गिटारवादकाच्या रिफवरचं गाणं आधी काढलं असतं तर बदल हळूहळू झाला असता, असं ते म्हणतात. मला हे पटत नाही. खंजिरीचं गाणं अल्बमचं खरं रूप दाखवतं आणि तेच आधी यायला हवं होतं, फक्त गायकाच्या स्वतःच्या पानावर. हजार वेळा ऐकलं जाण्याचा टप्पा गाठायला चार महिने जास्त लागले असते, तर लागू द्यायचे. जो चाहता बँडचं गाणं समजून उघडतो आणि दुसरंच ऐकतो, त्याचं ते ऐकणं आकड्यात जमा होतं, गाण्याच्या बाजूने नाही.

रिफबद्दलचा कागद रेकॉर्डिंगच्या आधी व्हायला हवा होता. मित्रांमध्ये कागद कशाला, हे वाक्य मी नागपुरातल्या बऱ्याच बँडांकडून ऐकलं आहे, आणि पुढे हीच मंडळी एकमेकांशी बोलेनाशी झालेली पाहिली आहेत. इथे तेवढं टळलं ते गिटारवादकाच्या समजूतदारपणामुळे. तिकिटावर बँडचं नाव घालण्याबाबत मात्र अजून माझं मत पक्कं झालेलं नाही. त्याशिवाय सभागृह भरलं असतं का, सांगता येत नाही.

सध्याची स्थिती

जानेवारीपासून बँड पुन्हा वाजवतो आहे. सगळी गाणी पूर्ण एक सूर खाली, ड्रॉप-सीला आणली आहेत, म्हणजे गायकाला वरच्या पट्टीत ताण पडत नाही. गिटारवादकाला जाड तारा चढवाव्या लागल्या आणि दोन जुन्या रिफ नव्याने बसवाव्या लागल्या. किंचाळीच्या जागा आता बेसवादक घेतो. जुन्या चाहत्यांना फरक कळतो. काहींना नवा जडपणा जास्त आवडला आहे. सोलो अल्बमचं पान हळूहळू वाढतंय. दुसऱ्या अल्बमची दोन गाणी तयार आहेत आणि यावेळी ती आधी मंडळातल्या काकांना, मग बँडला ऐकवली गेली.

ड्रमरचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्या वर्षी रद्द झालेल्या कार्यक्रमांत त्याचं सर्वांत जास्त नुकसान झालं, कारण त्याने नोकरीतली बदली नाकारून नागपुरात राहायचं ठरवलं होतं ते बँडसाठी. सोलो अल्बमच्या उत्पन्नात त्याचा कायद्याने वाटा नाही, आणि गायकाने देऊ केलेली रक्कम त्याने घेतली नाही. पुढच्या हंगामातल्या मानधनातून आधी त्याची भरपाई करायची, अशी सूचना बेसवादकाने मांडली आहे. चौघांचं त्यावर बोलणं सुरू आहे.